भुंग्यावरचा आळ : मेक्सिकन भुंगा, गाजरगवत आणि सूर्यफूल

(माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इतिहासाचं व्याख्यान आणि विषय भुंगा, हे ऐकून मघाशी मागं कुणीतरी हसलं. हसा, हरकत नाही. माकणीत इतिहास म्हटलं की दोन गोष्टी निघतात, तेरणेवरचं धरण आणि १९९३चा भूकंप. त्यांच्यावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक इथंच बसलेत. मी त्याच काळातली तिसरी गोष्ट सांगणार आहे. ती शेजारच्या कर्नाटकात सुरू झाली. उमरग्याहून कर्नाटकची हद्द किती लांब आहे ते तुम्हाला सांगायला नको, आणि हद्दीवर भुंग्याला काही कुणी अडवत नाही.

येताना धरणाच्या रस्त्याला गाडी थांबवली. कडेला गाजरगवत कमरेएवढं वाढलंय. त्यातली काही झाडं लांबून हिरवी दिसतात आणि जवळ गेलं की पानांची चाळण झालेली. नुसत्या शिरा उरलेल्या. पान उलटं केलं तर खाली पिवळसर बारीक अंडी, आणि शेंड्यात हा बसलेला. या काडेपेटीत एक आणलाय, पुढच्या रांगेतून फिरवा. उघडताना सांभाळून, उडतो तो. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, पाठ मळकट पांढरी आणि तिच्यावर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा. आपण याला मेक्सिकन भुंगा म्हणतो. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलराटा. एकदाच सांगतो, पुन्हा घेणार नाही.

आता प्रश्न असा, की हा पिकाला खातो का? तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न साधा नव्हता. त्यावर दिल्लीत समिती बसली होती. तो इतका का चिघळला हे समजायचं तर आधी याच्या चुलतभावाकडं जावं लागतं. तो भाऊ बटाट्यावर बसतो.

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पायथ्याला एक काटेरी रानझुडूप होतं. आपल्या बांधावर काटेरिंगणी असते ना, त्याच गोतातलं. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, तंबाखू, धोतरा, कामोणी हे सगळं एकच कूळ, वांग्याचं म्हणा. त्या झुडपावर एक भुंगा राहायचा. पिवळट पाठ, तिच्यावर दहा काळ्या उभ्या रेघा. १८२४ साली थॉमस से नावाच्या कीटकतज्ज्ञानं त्याला शास्त्रीय नाव दिलं, दहा रेघांचा अशाच अर्थाचं. तेव्हा त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. रानातलं झुडूप आणि रानातला भुंगा, कुणाचं काय बिघडत होतं?

मग पूर्वेकडून वस्ती करणारे लोक पश्चिमेला सरकत आले. सोबत बटाटा आणला. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजचा, पण तो युरोप फिरून तिथं आला होता. म्हणजे या भुंग्याच्या मुलखात तो परकाच. १८५९ मध्ये नेब्रास्कात, ओमाहाच्या पश्चिमेला, हा भुंगा बटाट्याच्या शेतात दिसला. रानझुडपासारखीच चव, वर काटे नाहीत, आणि एकरच्या एकर एका रांगेत वाढून ठेवलेलं. पंधरा वर्षांत, १८७४ पर्यंत, तो बटाट्याच्या शेतांवरून पायरी-पायरीनं अटलांटिकच्या किनाऱ्याला पोचला. घाबरून जर्मनीनं १८७५ मध्ये अमेरिकेचा बटाटा बंद केला. तरी १९२२ मध्ये तो फ्रान्सात बोर्दोजवळ ठाण मांडून बसलाच.

त्याच्यावर काय फवारलं? पॅरिस ग्रीन. नाव छान आहे, पण ते तांबं आणि सोमल यांचं संयुग. शेतात एवढ्या मोठ्या प्रमाणावर विष मारायची सवय जगाला लागली ती बरीचशी या एका भुंग्यामुळं. पुढं डीडीटी आलं. स्वित्झर्लंडमध्ये सुरुवातीला ते बटाट्यावरच्या याच भुंग्यावर वापरून पाहिलं होतं. भुंग्यानं काही वर्षांतच डीडीटी पचवलं. आजवर पन्नासहून जास्त औषधांना तो सरावलाय.

माझ्यासारख्या इतिहासाच्या माणसाला मात्र आणखी एका गोष्टीत रस आहे. १९५० मध्ये पूर्व जर्मनीत हा भुंगा फार वाढला, तेव्हा तिथल्या सरकारनं जाहीर केलं की अमेरिकेनं विमानातून भुंगे टाकले. भित्तिपत्रकं लागली, शाळेची पोरं भुंगे वेचायला शेतात पाठवली. खरं कारण साधं होतं. महायुद्धात शेतीची घडी मोडली होती आणि भुंगा आधीपासूनच पूर्वेकडं सरकत होता. पण संकट आलं की ते कुणीतरी पाठवलंय असं वाटतं. हे ध्यानात ठेवा, आपल्या गावातही हे येणार आहे.

बटाट्यावरचा तो भुंगा अजून भारतात आलेला नाही. मध्य आशियात आहे, चीनच्या पश्चिम टोकाला १९९३ मध्ये पोचलाय. आपल्याकडं त्याची फक्त कीर्ती आली. कीर्ती अशी, की पानं खाणाऱ्या भुंग्यांचं हे घराणं रानातलं ताट सोडून शेतातल्या ताटावर बसू शकतं.

आता आपल्या गवताकडं येऊ.

गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी. नावं कशी पडली ते उघड आहे. पान गाजरासारखं, आणि वर पांढऱ्या टोप्या घातलेली सभा भरल्यासारखी फुलं. पुण्यात १९५५च्या सुमारास ते उकिरड्यांवर तुरळक दिसलं. शेषगिरी राव या वनस्पतितज्ज्ञांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद छापली. तिथून पुढच्या वीस वर्षांत ते रेल्वेच्या कडेनं, रस्त्याच्या कडेनं देशभर गेलं. एका झाडाला १५,००० ते २५,००० बिया, वजनाला काहीच नाहीत. ट्रकच्या चिखलातून जातात, पाटाच्या पाण्यातून जातात, शेणखतातून जातात.

हे आलं कसं? आत्ता हात वर करायला सांगितले तर निम्मे म्हणतील, अमेरिकेच्या गव्हातून, पीएल-४८० मधून. इथले म्हातारे लोक म्हणतात, बाहत्तरच्या दुष्काळात लाल मिलो आली, तिच्यातून. मिलोचं सोडून देऊ, बाहत्तरच्या कितीतरी आधी हे गवत पसरलेलं होतं. पीएल-४८०चं काय? भारताचा तो करार २९ ऑगस्ट १९५६चा. आणि पुण्यात गवत दिसलं १९५५ मध्ये. म्हणजे चोर घरात शिरायच्या आधीच चोरी झाली. आता कुणी म्हणेल, १९५१ मध्ये अमेरिकेनं गहू-कर्ज दिलं होतं, त्या गव्हातून आलं असेल. असू शकतं, ती वाट मी बंद करत नाही. पण कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाची रॉक्सबर्गनं केलेली यादी १८१४ साली छापली, तिच्यातही हे झाड आहे. म्हणजे एकदा ते बागेत हौसेनं लावलेलं होतं. रानोमाळ झालं ते कोणत्या बियांपासून, यावर एका वाक्यात निकाल देता येत नाही. लोकांनी दिला, कारण परक्याच्या गव्हावर जगल्याची सल होती. ती सल खरी होती. पुरावा मात्र कच्चा आहे.

त्रास तर कुणी नाकारत नाही. साठच्या दशकात पुण्यात कातडीचे विचित्र रुग्ण येऊ लागले. मान, चेहरा, कोपराची घडी, पापण्या लालभडक, खाज, पुढं कातडी जाड होऊन काळी पडायची. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध या गवताशी जोडला. आमचे आबा त्यातलेच. खुरपायला गेले की संध्याकाळी गळ्याभोवती आग. आजी खोबरेल लावायची. ते म्हणायचे, "उन्हानं झालंय गं." दरवर्षी ऊन असायचं, पण आग मात्र गवत फुलावर आल्यावरच व्हायची. हे आम्हाला कळायला फार उशीर झाला.

खुरपून हटत नाही, जाळून हटत नाही, औषध मारलं तर पुढच्या पावसात बी उगवतं. म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला की हे झाड जिथलं आहे तिथं ते असं का माजत नाही? मेक्सिकोत ते माजत नाही, कारण तिथं त्याला खाणारे आहेत. ऑस्ट्रेलियानं १९८० मध्ये मेक्सिकोतून हा भुंगा नेऊन क्वीन्सलंडमध्ये सोडला. आपल्याकडं बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत डॉ. के. पी. जयंत यांनी हे काम घेतलं. १९८३ मध्ये भुंगे मेक्सिकोतून आणले, बंद खोलीत वाढवले, वेगवेगळ्या पिकांची पानं पुढं टाकून काय खातात ते तपासलं. गाजरगवत सोडून कशावर त्यांचा वंश चालत नाही असं दिसल्यावर १९८४ मध्ये बंगळूरच्या परिसरात सोडले.

पहिली दोन-तीन वर्षं काहीच नाही. लोक विसरलेसुद्धा. मग १९८८च्या आसपास पावसाळ्यात भुंगा असा वाढला की मोकळ्या जागेतलं गाजरगवत पार खराटा झालं. याचं वेळापत्रकही बघण्यासारखं आहे. पहिल्या पावसाला जमिनीतून वर येतो, पानाखाली अंडी घालतो, अळी पानं आणि कळ्या खाते, मातीत जाऊन कोष करते. पावसाळ्यात अशा पिढ्यांवर पिढ्या होतात. दिवाळीनंतर जमिनीत जातो आणि उन्हाळाभर मातीत झोपून राहतो. आपल्या शेतकऱ्यासारखाच, मृगाची वाट बघत.

आणि इथं सूर्यफूल येतं.

तरुण पोरांना सांगावं लागतं की या भागात एके काळी रानंच्या रानं पिवळी होती. आज सगळीकडं सोयाबीन बघता तुम्ही. सूर्यफूल व्यापारी पीक म्हणून भारतात आलं १९६९ नंतर, रशियाच्या वाणांवर. मग कॅनडाचं ठेंगणं मॉर्डन आलं, बंगळूरचा संकरित बीएसएच-१ आला. १९८६ मध्ये केंद्रानं तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू केलं आणि कर्नाटक, आंध्र, महाराष्ट्र, म्हणजे नेमका आपला कोरडवाहू पट्टा, सूर्यफुलाचा झाला. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रानं आपल्या जमिनीला चालणारे वाण काढले. ९०-९५ दिवसांत हातात पैसा देणारं पीक. पोरीचं लग्न, बँकेचा हप्ता, सोसायटीचं देणं सगळं त्या फुलावर टांगलेलं.

तर १९९१-९२च्या सुमाराला कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी सांगितलं की गाजरगवतावर सोडलेला भुंगा आमच्या सूर्यफुलावर बसून पानं खातोय. काही कीटकतज्ज्ञांनीही तसं छापलं. आणि मग चुलतभावाची आठवण झाली. बटाट्याच्या भुंग्यानं जे केलं तेच हा करणार. त्यात भर अशी, की याच झायगोग्रामा प्रजातीतला याचा सख्खा भाऊ उत्तर अमेरिकेत सूर्यफुलावरची खरीखुरी कीड आहे. कॅनडाच्या मॅनिटोबात आणि डाकोटात तो पीक खातो, हे पुस्तकांत छापलेलं होतं. वर गाजरगवत आणि सूर्यफूल दोन्ही एकाच कुळातली. शेवंती, झेंडू, करडई यांच्या गोतातली. सांगा, शेतकऱ्यानं घाबरायचं नाही तर काय करायचं? सरकारनं भुंगे सोडणं थांबवलं आणि सत्य शोधायला समिती नेमली.

इथं मला थांबून एक सांगायचंय. पुष्कळ लेखांत ही गोष्ट अडाणी शेतकरी विरुद्ध शहाणे शास्त्रज्ञ अशी सांगतात. ते बरोबर नाही. शेतकऱ्यानं पाहिलेलं खोटं नव्हतं. भुंगा सूर्यफुलावर होता, पानं कुरतडत होता. प्रयोगशाळेत पाहिलेलंही खोटं नव्हतं. तिथं तो सूर्यफुलाच्या पानाला तोंड लावत नव्हता, लावलं तर नावाला. दोघंही खरं बोलत होते, मग उकल कशी करायची?

उकल डॉ. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच केली. ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. सूर्यफुलाच्या शेताला लागून गाजरगवत फुललेलं असेल तर त्याचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसतात. भुंग्याला वास आणि चव लागते ती त्या परागाची. त्याला वाटतं हे आपलंच ताट. पान कुरतडतो. प्रयोगशाळेत धुतलेलं स्वच्छ पान होतं, म्हणून तिथं तो खात नव्हता. शेतात पानावर गवताची धूळ होती, म्हणून खात होता. त्यात त्यानं आपलं गवत खाऊन संपवलेलं असलं की उपाशी झुंड शेजारच्या रानात भटकायची. पण तिथं त्याचा संसार उभा राहत नव्हता.

बटाट्याच्या भुंग्याशी फरक आहे तो इथं. त्यानं नवं ताट धरलं, तिथंच अंडी घातली, तिथंच पिढ्या काढल्या. आपल्याकडचा पाहुण्यासारखा आला, थोडं खाल्लं, गेला. समितीनं तपासून सांगितलं की याला सूर्यफुलाची कीड म्हणता येणार नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंदी उठली. पण तोवर सात-आठ वर्षं गेली होती. या वर्षांत गवतानं काय केलं असेल त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ज्याचं नुकसान सगळ्यांचं असतं त्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही, हा माझा इतिहासाच्या कागदांतला अनुभव.

आता जी गोष्ट सांगतो ती कळली तेव्हा मला रात्रभर चैन पडलं नव्हतं. १९९७ मध्ये कर्नाटकात सूर्यफुलावर एक नवा रोग साथीसारखा आला. पानं करपायची, देठ आणि खोड काळं पडायचं, कळी मुरगळून फूल वाकडं यायचं किंवा यायचंच नाही. नेक्रोसिस म्हणतात त्याला. बघता बघता तो आंध्र-महाराष्ट्रात पसरला, लातूरकडंही आला. कारण निघालं एक विषाणू, टोबॅको स्ट्रीक व्हायरस. तो राहतो कुठं? गाजरगवतात. गवताला काही होत नाही, ते हिरवंगार असतं. पण त्याच्या परागात विषाणू असतो. फुलकिडे तो पराग अंगावर घेऊन सूर्यफुलावर जातात, पान खरवडतात, आणि त्या जखमेतून विषाणू आत जातो.

ध्यानात आलं का? दोन्ही वेळा तोच पराग. पहिल्या वेळी त्यानं भुंग्याला सूर्यफुलावर आणलं आणि आपण भुंग्याला धरलं. दुसऱ्या वेळी त्यानं रोग आणला. जे गवत भुंगा खात होता, फुलू देत नव्हता, तेच सूर्यफुलाचं खरं दुखणं होतं. मी असं म्हणत नाही की भुंगे सोडत राहिलो असतो तर नेक्रोसिस आलाच नसता. तसं म्हणायला पुरावा नाही. आणि सूर्यफूल या भागातून गेलं त्याला एकटा रोगही कारण नाही. पाखरांचा त्रास, बाहेरून आलेलं स्वस्त तेल, सोयाबीनची सोय, अशी बरीच कारणं आहेत. पण आळ कुणावर होता आणि बांधावर कोण मजेत डोलत होतं, एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे.

आज परभणीचं कृषी विद्यापीठ हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना देतं. जबलपूरच्या तणविज्ञान संस्थेकडूनही ते देशभर गेले. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह असतो. शाळेत फेरी निघते, पोरं गवत उपटतात. पोरांना हातमोजे द्या एवढं मात्र मी शिक्षकांना सांगेन. आणि ज्या गवतावर भुंगा लागलेला दिसतो तिथं तणनाशक मारू नका. येताना पाहिलं, एका बाजूला भुंगा काम करतोय आणि पलीकडं एकजण पाठीवर पंप घेऊन तेच गवत मारतोय. गवत चार दिवसांत वाळेल, पण त्या भुंग्याला खायला उरणार नाही, आणि पुढच्या पावसाला बी उगवेल तेव्हा तो तिथं नसेल.

भुंगा सगळं करेल असंही समजू नका. हिवाळ्या-उन्हाळ्यात पाटाच्या ओलीवर गवत वाढतं तेव्हा हा मातीत झोपलेला असतो. धरणाच्या गावाला ही अडचण कोरडवाहू गावापेक्षा जास्त. तिथं विळा आणि खुरपंच. तेही फुलायच्या आधी.

एवढंच बोलणार होतो. मावशींनी हात वर केलाय, बोला मावशी.

(मावशींचा प्रश्न : आमच्या वांग्यावर लाल ठिपक्याठिपक्याचा भुंगा असतोय, पानाची जाळी करतोय. त्यो ह्योच का? त्याला मारायचं का राखायचं?)

चांगलं विचारलंत. तो हा नाही. तो हड्डा भुंगा, अंगावर अठ्ठावीस ठिपके असतात, बारीक लव असलेली गोल पाठ. तो पानं खात असला तरी या घराण्यातला नाही, मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या घराण्यातला. घर सगळं मावा खाणारं, आणि हा एक पाला खाणारा निघाला. वांगं नसलं तर कामोणीवर, रिंगणीवर जगतो, म्हणून वांग्याच्या वाफ्याजवळ ती ठेवू नका. त्याची अंडी पानाखाली पिवळ्या झुबक्यात उभी असतात आणि अळीच्या अंगावर काटे असतात. सकाळी पानं उलटी करून अंडी चुरडायची, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. वाफा दोन-चार गुंठ्यांचा असेल तर फवारणीची गरज पडत नाही. पण वेचताना नीट बघा. लहान, चकचकीत, सात-सहा ठिपक्यांचा आणि माव्याच्या मागं धावणारा असेल तर तो ढालकिडा, त्याला हात लावू नका. आणि मघाची काडेपेटी कुणाकडं आहे? द्या इकडं, जाताना त्याला जिथून आणला तिथं सोडायचंय.